गॉटिंगेनचे सात प्राध्यापक व त्यांचें शपथेविषयींचें निवेदन (इ. स. १८३७)

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर 'एम्. ए.' या पदवीच्या पुढें 'पीएच्. डी.' अशीं अक्षरें छापिलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. ही दुसरी पदवी जर्मनींतील गॉटिंगेन येथील विद्यापीठानें त्यांस इ. स. १८८५ मध्यें सन्मानार्थ दिली. त्या वेळीं तेथील संस्कृताचें आसन डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न यांजकडे होतें; आणि कीलहॉर्न म्हणजे इ. स. १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत राहून, येथील शास्त्रीमंडळींच्या सहवासांत व्याकरण घोटून, पातंजल महाभाष्याची चिकित्सक आवृत्ति हातीं घेणारे गृहस्थ, हें पोथ्यांच्या शोधांत रमणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. गॉटिंगेनशीं आपला संबंध एवढाच, असें आम्हीही पुष्कळ दिवस समजत होतों. परंतु त्या विद्यापीठाच्या इतिहासांत त्यापूर्वीं अर्ध्या शतकाचें एक प्रकरण आहे. संशोधकाच्या शब्दाला किंमत कशानें येते व राज्यकर्त्याचा हुकूम त्या किंमतीस कोठपर्यंत हात लावूं शकतो, हा प्रश्न त्या प्रकरणांत जितका उघडा पडला आहे तितका अन्यत्र क्वचितच सांपडेल. त्याविषयीं मराठींत जें थोडें लिहिलें जातें तें बहुधा 'उदारमतवादी प्राध्यापक व जुलमी राजा' अशा एका वाक्यांत संपतें. तें वाक्य अपुरें आहे, असें आम्हांस वाटतें.

गॉटिंगेन हें हॅनोव्हरच्या राज्यांतील गांव. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही अधिपति होता. त्यानें हें विद्यापीठ स्थापिलें व त्याचा उद्घाटनसमारंभ इ. स. १७३७ त झाला. इतर विद्यापीठांतून धर्मशास्त्राच्या शाखेस अन्य शाखांच्या अध्यापनावर नजर ठेवण्याचा जो अधिकार असे, तो येथें तिला बुद्धिपुरस्सर दिलेला नव्हता. ग्रंथसंग्रहाविषयीं तर या विद्यापीठाची ख्याति सर्व युरोपांत पसरली. अशा रीतीनें शंभर वर्षें गेलीं.

ता. २० जून १८३७ रोजीं इंग्लंडचा चौथा विल्यम वारला. इंग्लंडचें सिंहासन व्हिक्टोरिया राणीकडे गेलें. परंतु हॅनोव्हरच्या वारसाहक्काप्रमाणें तेथें स्त्रीस गादी मिळत नसल्यामुळें तें राज्य विल्यमचा धाकटा भाऊ अर्न्स्ट ऑगस्ट याजकडे आलें. सप्टेंबरांत विद्यापीठाचा शतसांवत्सरिक उत्सव झाला, त्यास हा नवा राजा जातीनें हजर होता. पुढें दोन महिन्यांच्या आंत, ता. १ नोव्हेंबर रोजीं, त्यानें जाहीरनामा काढून इ. स. १८३३ ची राज्यघटना रद्द केली, व त्या घटनेस अनुसरून वागण्याची जी शपथ सरकारी नोकरांनीं घेतली होती तींतून त्यांस मुक्त केल्याचें कळविलें.

राजाची बाजू अगदींच निराधार नव्हती, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. घटना झाली तेव्हां आपण गादीचे संभाव्य वारस असतां आपली संमति घेतली नाहीं, सबब ती आपणांस बंधनकारक नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. आपल्याकडे भाऊबंदांच्या संमतीवांचून केलेलें वतनपत्र पुढें मोडूं पाहणाऱ्या वतनदारांचीं प्रकरणें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस ही तक्रार ओळखीची वाटेल. शिवाय नव्या घटनेनें राजाची खासगी तिजोरी व राज्याची तिजोरी एक केली होती, व अर्न्स्ट ऑगस्ट हा कर्जांत बुडालेला होता. तक्रारीमागील कारणें तक्रारीपेक्षां बळकट असतात, याचें हें एक उदाहरण.

विद्यापीठांतील प्राध्यापकही सरकारी नोकरच होते, आणि त्यांनींही १८३३ च्या घटनेची शपथ घेतलेली होती. ता. १८ नोव्हेंबर १८३७ रोजीं त्यांपैकीं सात जणांनीं विद्यापीठाच्या वरिष्ठ नियामक मंडळाकडे एक निवेदन सह्या करून धाडिलें. इतिहास व राजनीति शिकविणारा डालमान, कायदेपंडित आल्ब्रेख्ट, भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम व त्याचा भाऊ विल्हेल्म ग्रिम, इतिहासकार गेर्व्हिनुस, पौरस्त्य भाषांचा पंडित एवाल्ड, आणि पदार्थविज्ञानवेत्ता वेबर, हे ते सात. मसुदा डालमानचा. १८३३ च्या घटनेच्या सिद्धतेंत त्याचा हात होता, त्यामुळें त्याचा रोष समजण्याजोगा आहे. परंतु बाकीच्यांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. ग्रिम बंधु राजकारणापासून दूर राहणारे, जुन्या कायद्याचे, जुन्या गाण्यांचे व जुन्या पोथ्यांचे वेडे; दोघेही प्राध्यापकीबरोबर तेथील ग्रंथालयाचें काम पाहत. एवाल्ड हा बायबलाचा भाष्यकार व राजनिष्ठेचा पुरस्कर्ता; त्यानेंच गॉटिंगेनमध्यें आरंभीं संस्कृत शिकविलें, व संस्कृत वृत्तांवर इ. स. १८२७ त एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. वेबर हा चुंबकसूची व तारा यांत गढलेला. या मंडळीस एकत्र आणणारा राजकीय पक्ष कोणताही नव्हता. त्यांस एकत्र आणलें तें शपथेनें.

निवेदनाचा आशय असा. घटना केवळ बळाच्या जोरावर नाहींशी होत असतां आम्हांस मुकाट्यानें पाहत राहतां येत नाहीं. आम्ही तिच्या शपथेनें अजून बद्ध आहों. म्हणून नव्या व्यवस्थेप्रमाणें भरणाऱ्या सभेसाठीं विद्यापीठाचा प्रतिनिधि निवडण्यांत आम्ही भाग घेणार नाहीं. एवढ्यावर तें थांबतें तर तो कायद्याचा एक वाद झाला असता. परंतु पुढें त्यांत जो मुद्दा आहे तो आमच्या दृष्टीनें सर्व प्रकरणाचा गाभा होय. ते म्हणतात कीं, आमच्या कामाचें फळ आमच्या शिकवणुकीच्या शास्त्रीय योग्यतेवर जितकें अवलंबून आहे तितकेंच आमच्या वैयक्तिक सचोटीवरही आहे. शपथेशीं खेळणारे लोक म्हणून विद्यार्थी आम्हांस ओळखूं लागले, तर त्याच क्षणीं आमच्या अध्यापनाचा उपयोग संपला. आणि जे काल घेतलेली शपथ आज मोडतात, त्यांनीं उद्यां राजाची शपथ घेतली तरी तिचें मोल काय, असाही प्रश्न त्यांनीं केला.

आपल्याकडील महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस यांत कांहीं नवल वाटूं नये. गोतानें साक्षीदारास पूर्वजांची आण घालावी, त्यानें सत्य तेंच बोलावें, व त्याची आण खोटी ठरली तर त्या एका साक्षीपुरती नव्हे, तर त्याच्या सगळ्या बोलण्याचीच पत जावी, हा आपला जुना न्याय. संशोधक हा गतकाळाविषयींचा साक्षीदारच आहे. अमुक पत्र अस्सल, अमुक बनावट, अमुक अक्षर दुसऱ्या हातचें, असें तो सांगतो तेव्हां शंभरांतील नव्याण्णव वाचक मूळ कागद पाहत नाहींत. त्याच्या शब्दावर विसंबतात. हुकुमासरशीं जो आपली शपथ फिरवितो तो हुकुमासरशीं आपला पाठही फिरवील, ही शंका एकदां शिरली कीं ती काढण्यास उपाय नाहीं. म्हणून गॉटिंगेनच्या सातांनीं मागितलेलें स्वातंत्र्य हें मनास येईल तें बोलण्याचें स्वातंत्र्य नव्हतें. एकदां दिलेला शब्द न फिरविण्याची मोकळीक त्यांना हवी होती.

आतां या कागदाचा प्रवास पाहूं. निवेदन खासगी रीतीनें वरिष्ठांकडे गेलें होतें; परंतु त्याच्या नकला बाहेर पडल्या. विद्यार्थ्यांनीं त्यांवरून हातानें नकलांवर नकला उतरल्या व त्या चोहोंकडे पोंचविल्या. थोड्याच दिवसांत जर्मनींतील व जर्मनीबाहेरील वृत्तपत्रांतही मजकूर आला. छापखाने सर्वत्र चालूं असतां एक कागद केवळ लेखण्यांच्या बळावर देशभर फिरावा, ही गोष्ट नकलांच्या वंशावळी लावीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांस मोठी मनोरंजक वाटते.

याच्या उलट सरकारी बाजूच्या कागदाची कथा. विद्यापीठाचे कांहीं अधिकारी नोव्हेंबरच्या अखेरीस रोटेनकिर्खेन येथील शिकारखान्यांत राजाच्या भेटीस गेले. त्या भेटीचा जो वृत्तान्त सरकारतर्फे छापून आला त्यावरून, सर्व विद्यापीठानें सातांच्या कृत्याचा निषेध केला, असा बोध होत होता. तेव्हां आणखी सहा प्राध्यापकांनीं, ज्यांत ग्रीक पुरातत्त्वाचा प्रख्यात पंडित ओट्फ्रीड म्युलर हा होता, आपण तसा निषेध कधींच केलेला नाहीं असें जाहीर केलें. निवेदनावर सही करण्याचें धैर्य त्यांना झालें नव्हतें. पण आपल्या नांवावर खोटें छापलेलें त्यांना सोसवलें नाहीं. या सहांची आठवण कोणी फारशी काढीत नाहीं. आमच्या मतें त्यांचें कृत्य लहान असलें तरी संशोधकाच्या धर्मास तें अत्यंत जवळचें आहे. मोठ्या प्रसंगीं सर्वांस पुढें होतां येत नाहीं. परंतु आपल्या नांवें खोटा दाखला दप्तरांत पडत असेल तर तो तेथल्या तेथें दुरुस्त करणें हें कोणासही करतां येतें.

ता. ४ डिसेंबर रोजीं सातांची विद्यापीठाच्या न्यायासनापुढें तपासणी झाली. ता. ११ रोजीं राजाचा हुकूम निघाला, तो ता. १४ रोजीं त्यांच्या हातीं पडला. सातही बडतर्फ. शिवाय डालमान, याकोब ग्रिम व गेर्व्हिनुस यांनीं तीन दिवसांच्या आंत राज्य सोडून जावें. तिघांसच ही अधिक शिक्षा कां, तर त्यांनीं निवेदनाची वाच्यता केली, तें इतरांस दिलें, म्हणून. निवेदन लिहिण्याहून त्याची नक्कल दुसऱ्याच्या हातीं देणें हा मोठा गुन्हा ठरला.

ता. १७ रोजीं तिघे निघाले. विद्यार्थ्यांनीं निरोप देण्यास सरहद्दीपर्यंत जाऊं नये म्हणून त्यांस घोडे व गाड्या भाड्यानें देण्याची मनाई झाली. तेव्हां पुष्कळ विद्यार्थी डिसेंबरच्या थंडींत पायींच चालत व्हेरा नदीवरील व्हिट्झेनहाउझेन या हेसन राज्यांतील गांवीं जाऊन पोंचले. याकोब ग्रिमनें आपल्या बडतर्फीवर जें छोटें पुस्तक लिहिलें तें जर्मनींतील नियंत्रणामुळें स्वित्झर्लंडांत बाझेल येथें इ. स. १८३८ त छापावें लागलें. त्यांत सरहद्दीवरील एका म्हातारीची हकीकत आहे: तिनें आपल्या नातवास या परागंदा गृहस्थाचा हात हातीं घेण्यास सांगितलें. लोककथा गोळा करण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास निरोपाच्या वेळीं एक आजी व एक नातूच भेटावा, हा योग विलक्षण खरा.

याच प्रकरणांत राजाच्या तोंडीं एक उद्गार घालण्यांत येतो: प्राध्यापक व नाचणाऱ्या बाया पैसे टाकले कीं हव्या तेथें मिळतात. आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याच्याशीं बोलतांना राजा असें म्हणाला अशी वदंता आहे. हें वाक्य इतकें चटकदार आहे, कीं सातांवरील बहुतेक लेखांत तें हटकून येतें. परंतु तें ऐकीव आहे, व ऐकीव म्हणूनच लिहिलें पाहिजे. बखरींतील खटकेबाज संवादांस आपण जी कसोटी लावतों तीच परकी राजासही लावली पाहिजे, मग तो आपणांस कितीही अप्रिय असो. राजाच्या विरुद्ध हुकुमाचाच कागद पुरेसा आहे.

सही न करणाऱ्यांत एक नांव असें आहे कीं तें टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तें नांव गणितज्ञ गाउस याचें. एवाल्ड हा त्याचा जांवई. वेबर हा त्याचा जिवलग सहकारी, आणि या दोघांनीं मिळून इ. स. १८३३ त वेधशाळेपासून पदार्थविज्ञानाच्या शाळेपर्यंत विजेची तार ओढून तिच्यावरून संदेश धाडिले होते. गाउसनें सही केली नाहीं, व निवेदनाच्या विरुद्धही कांहीं म्हटलें नाहीं. तो त्या वेळीं साठ वर्षांचा होता. त्याची अतिवृद्ध माता त्याच्याच घरीं होती. पुढील लेखकांनीं त्यास भित्रा म्हटलें आहे. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. कां कीं त्यानें आपल्या शास्त्रांत कधीं कोणाच्या हुकुमानें आंकडा बदलला, असें कोणीही दाखविलेलें नाहीं. परंतु त्याच्या मौनाचा परिणाम काय झाला हेंही लपवूं नये. मुलगी व जांवई दूर ट्यूबिंगेनला गेलीं. वेबर कांहीं वर्षें गॉटिंगेनमध्येंच आसनावांचून राहून गाउसबरोबर काम करीत राहिला, व इ. स. १८४३ त लाइपझिगला गेला. तेव्हां त्यांची जोडी फुटली. तो परत आला इ. स. १८४९ त, आणि गाउस इ. स. १८५५ त वारला.

बडतर्फ झालेल्यांच्या पोटापाण्यासाठीं लाइपझिग येथें एक मंडळी उभी राहिली व तिनें लोकांकडून वर्गणी जमवून त्यांच्या पगाराची सोय केली. राजानें बंद केलेला पगार रयतेनें चालविला, असें हें उदाहरण. ग्रिम बंधूंस त्याच लाइपझिगच्या ग्रंथप्रकाशकांनीं जर्मन भाषेचा महाकोश करण्याची विनंति केली; नोकरी नसलेल्या दोघांनीं ती मान्य केली. पहिला खंड इ. स. १८५४ त निघाला. विल्हेल्म 'डी' हें अक्षर संपवून इ. स. १८५९ त वारला; याकोब इ. स. १८६३ त वारला तेव्हां तो 'फ्रुख्ट', म्हणजे 'फळ', या शब्दावर होता. कोश त्यांच्या मागें शंभर वर्षांनीं पुरा झाला.

कायद्याच्या बाजूनें ओस्नाब्रुक या नगराच्या पंचांनीं हायडेलबर्ग, येना व ट्यूबिंगेन येथील कायदेपंडितांचा अभिप्राय मागविला व तो घटनेच्या बाजूनें पडला. तथापि जर्मन संस्थानांच्या संघसभेनें इ. स. १८३९ त या कामांत हात घालण्याचें नाकारिलें. कीलहॉर्नांचा जन्म पुढच्याच वर्षीं याच ओस्नाब्रुक गांवीं झाला, हें सहज सांगून ठेवतों. इ. स. १८४८ त फ्रांकफुर्ट येथें सर्व जर्मनीची प्रतिनिधिसभा भरली, तींत डालमान, आल्ब्रेख्ट, गेर्व्हिनुस व याकोब ग्रिम हे चौघेही निवडून आले. तिनें तयार केलेल्या घटनेच्या १५२ व्या कलमांत शास्त्र व त्याचें अध्यापन हीं स्वतंत्र आहेत, असें एका ओळींत लिहिलें आहे. ती घटना अमलांत आली नाहीं. गेर्व्हिनुसवर तर इ. स. १८५३ त एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाच्या प्रस्तावनेबद्दल बाडेनच्या राज्यांत राजद्रोहाचा खटला भरला गेला. शिक्षा टिकली नाहीं. व्याख्यानें देण्याचा अधिकार मात्र गेला.

सर्वांत आश्चर्याची कथा एवाल्डची. तो इ. स. १८४८ त गॉटिंगेनला परत आला. इ. स. १८६६ त प्रशियानें हॅनोव्हर जिंकून खालसा केलें, अर्न्स्ट ऑगस्टचा आंधळा मुलगा पांचवा जॉर्ज पदच्युत झाला, व प्राध्यापकांनीं प्रशियाच्या राजाची शपथ घ्यावी असा हुकूम आला. एवाल्डनें नकार दिला. आपली शपथ हॅनोव्हरच्या राजाशीं आहे व तींतून त्यानें आपणांस मोकळें केलेलें नाहीं, हें त्याचें उत्तर. ज्या राजानें त्यास बडतर्फ केलें त्याच्याच मुलासाठीं त्यानें दुसऱ्यांदा आसन गमाविलें! इ. स. १८६८ त त्याचा व्याख्यानाचा अधिकारही काढून घेण्यांत आला. १८३७ चा एवाल्ड लोकपक्षाचा व १८६७ चा एवाल्ड राजपक्षाचा, असें म्हणणाऱ्यांस हें कोडें सुटत नाहीं. निवेदनांतील शपथेचा मुद्दा नीट वाचला तर कोडें राहतच नाहीं.

त्या गॉटिंगेनला पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. ता. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानें नाझी सरकारनें ज्यू वंशाच्या अध्यापकांस काढण्यास आरंभ केला. पदार्थविज्ञानवेत्ता जेम्स फ्रांक हा पहिल्या महायुद्धांत लढलेला असल्यामुळें त्यास सवलत होती. ती नाकारून त्यानें ता. १७ एप्रिल रोजीं जाहीर रीतीनें राजीनामा दिला. आठवड्याच्या आंत गॉटिंगेनच्याच ४२ अध्यापकांनीं त्याच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. माक्स बोर्न, एमी न्यूटर, कूरांट हीं सर्व गेलीं. शंभर वर्षांपूर्वीं सह्या सात होत्या, आतां बेचाळीस झाल्या. परंतु त्या दुसऱ्या बाजूच्या होत्या. पुढील वर्षीं सर्व सरकारी नोकरांस एका व्यक्तीच्या नांवानें शपथ घ्यावी लागली. युद्धानंतर, इ. स. १९४९ मध्यें, पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या पांचव्या कलमांत संशोधन व अध्यापन स्वतंत्र असल्याचें नमूद झालें, व त्याच ठिकाणीं, अध्यापनाचें स्वातंत्र्य घटनानिष्ठेतून मुक्त करीत नाहीं, असेंही जोडलें गेलें. सातांनीं जें आपण होऊन केलें, तें आतां कायद्यानें सांगितलें.

आपल्या घराकडे वळावयाचें तर, कीलहॉर्न व ब्यूलर यांनीं मुंबई सरकारतर्फे जमविलेल्या पोथ्या प्रथम डेक्कन कॉलेजांत होत्या. त्या पुढें इ. स. १९१७ त स्थापिलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत गेल्या. त्याच मंदिरांत ता. ५ जानेवारी २००४ रोजीं, एका ग्रंथांतील मजकुराच्या रागानें, जमावानें शिरून ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस केली. तो मजकूर कसा होता हा प्रश्न निराळा. त्याचें खंडन करण्यास कागद हवे असतात, आणि मोडले गेले ते कागदच. आमच्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहांत अशीं पत्रें आहेत, कीं तीं छापलीं तर कोणत्या ना कोणत्या घराण्यास वाईट वाटेल. तीं दडपावीं असा सल्ला आम्हांसही सद्भावनेनें मिळालेला आहे. तीं पदरचे शब्द न घालतां छापलीं पाहिजेत, एवढेंच आमचें उत्तर.

इ. स. १८९९ त गॉटिंगेनमध्यें गाउस व वेबर यांचें जोडस्मारक उभारण्यांत आलें. गाउस बसलेला आहे, वेबर शेजारीं उभा आहे. सही करणारा व न करणारा एकाच चौथऱ्यावर. कीलहॉर्न त्या वेळीं तेथेंच संस्कृत शिकवीत होते.